हवामानाचा इशारा कसा वाचावा आणि तो आपल्या उंबऱ्यापर्यंत कसा आणावा

कृष्णा-पंचगंगेच्या काठावर राहणाऱ्या माणसाला जुलै-ऑगस्टमध्ये दिवसातून निदान तीन ठिकाणांहून इशारे येतात. हवामान विभाग पावसाचा अंदाज देतो, जलसंपदा विभाग धरणातून किती पाणी सोडले ते कळवतो आणि जिल्हा प्रशासन नदीची पातळी सांगते. तिन्ही इशारे आपापल्या जागी खरे असतात, परंतु एकाचे मोजमाप मिलिमीटरमध्ये, दुसऱ्याचे क्युसेकमध्ये आणि तिसऱ्याचे फुटांत असते. त्यांची मुदतही वेगवेगळी असते. आपल्या गोठ्यात पाणी कधी येईल, हे यांपैकी कोणताही इशारा सांगत नाही. ते गणित घरातल्याच कोणीतरी मांडायचे असते, आणि ते पूर आल्यावर नव्हे तर आधी, शांत डोक्याने शिकून घ्यावे लागते.

आमचे घर शिरोळ तालुक्यात, नदीपासून फार दूर नाही. सोप्यातल्या लाकडी खांबावर आजोबांनी २००५ च्या पुराची खूण खिळ्याने कोरून ठेवली होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये इशारे रोज ऐकू येत होते आणि आम्ही ते गांभीर्याने घेतलेही होते. धान्याची पोती, शिलाई यंत्र, कपाटातली कागदपत्रे असे सारे आम्ही त्या खुणेच्या वर एक हात उंचीवर रचून ठेवले. पाणी खुणेच्याही वर, माळ्याच्या फळीला जाऊन टेकले. इशाऱ्यात चूक नव्हती. आम्ही तो जुन्या खुणेच्या मापाने वाचला, एवढेच झाले. तेव्हापासून इशारा कसा वाचावा हे मी वहीत टिपत आलो आहे, आणि पुढचे विवेचन त्या वहीतूनच आले आहे.

रंगांचा अर्थ

भारतीय हवामान विभाग प्रत्येक जिल्ह्यासाठी पुढील काही दिवसांचा इशारा चार रंगांत देतो. हिरवा म्हणजे कोणताही इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवावे आणि पुढची माहिती घेत राहावे. नारिंगी म्हणजे तयारीत राहावे. लाल म्हणजे कृती करावी. बातम्यांमध्ये या रंगांना यलो अलर्ट, ऑरेंज अलर्ट आणि रेड अलर्ट म्हणतात, आणि बहुतेकांच्या मनात त्यांचा अर्थ थोडा, जास्त आणि फार जास्त पाऊस असा बसलेला असतो. तो पुरेसा नाही. रंग ठरवताना घटना घडण्याची शक्यता किती आणि घडल्यास परिणाम किती गंभीर, या दोन्हींचा विचार केलेला असतो. त्यामुळे रंग पाहिल्यावर आज आपण काय करायचे आहे, हा प्रश्न विचारावा. पाऊस किती पडेल ते रंगाखालच्या मजकुरात शोधावे.

त्या मजकुरातील शब्द सैल वाटले तरी ते मोजून वापरलेले असतात. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस झाला तर त्याला मुसळधार म्हणतात, ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर झाला तर अति मुसळधार, आणि २०४.५ मिलिमीटरच्या पुढे गेला तर अत्यंत मुसळधार. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. या हिशेबाने एक एकर रानावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे चार लाख लिटर पाणी पडते. शेजारच्या ओढ्याला किती एकरांचे पाणी येते हे शेतकऱ्याला ठाऊक असते. त्याने हा आकडा एकदा लावून पाहिला की ‘अति मुसळधार’ हा शब्द त्याला पुन्हा कधी सैल वाटणार नाही.

पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला संपतो, हेही ध्यानात ठेवावे. ‘२४ तारखेला लाल इशारा’ असे लिहिलेले असेल तर तो २५ तारखेच्या सकाळपर्यंत लागू असतो. रात्री बारा वाजले म्हणून धोका टळला, अशी समजूत करून घेऊ नये.

यानंतर येतो ‘कुठे’ हा प्रश्न. ‘तुरळक ठिकाणी’ या शब्दांचा अर्थ त्या विभागातील पर्जन्यमापन केंद्रांपैकी जास्तीत जास्त एक चतुर्थांश केंद्रांवर तसा पाऊस होईल, असा असतो. आपल्या गावात थेंबही पडला नाही म्हणून अंदाज चुकला असे लोक म्हणतात, तेव्हा बऱ्याचदा शेजारच्या तालुक्यात ओढे भरून वाहत असतात. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि त्याच शहराच्या दक्षिण टोकाला कुलाब्यात शंभर मिलिमीटरही पाऊस झाला नाही. एका शहरात एवढा फरक पडत असेल, तर जिल्ह्याच्या नावाने दिलेल्या इशाऱ्यात आपले गाव नेमके कुठे बसते याचा अंदाज आपणच बांधला पाहिजे.

आपल्या डोक्यावरचा पाऊस आणि नदीतला पाऊस

नदीकाठच्या माणसाने सर्वांत आधी शिकावी अशी गोष्ट हीच आहे, म्हणून येथे थोडे थांबतो. शिरोळ किंवा मिरज तालुक्यात आकाश स्वच्छ असताना महापूर येऊ शकतो, कारण आमच्या नद्यांचे पाणी आमच्या आभाळातून येत नाही. ते सह्याद्रीच्या माथ्यावरून येते. म्हणून हवामान विभाग कोल्हापूर, सातारा आणि पुणे जिल्ह्यांच्या घाट भागांसाठी स्वतंत्र इशारा देतो, तो आम्ही आमचा म्हणून वाचला पाहिजे. कृष्णाकाठच्या माणसाने कोयना, नवजा आणि महाबळेश्वर या तीन ठिकाणचा पाऊस रोज पाहावा, आणि पंचगंगेच्या काठावरच्या माणसाने गगनबावडा आणि राधानगरीचा. स्वतःच्या जिल्ह्याच्या नावापुढे पिवळा रंग आणि घाटाच्या नावापुढे लाल रंग असेल, तर आपल्यासाठी तो इशारा लालच समजावा. आपल्याला तयारीसाठी थोडा अधिक वेळ मिळतो, इतकाच फरक.

त्याचबरोबर नद्या कोठे मिळतात याचा नकाशा मनात पक्का असावा. कोयना कऱ्हाडला कृष्णेला मिळते, वारणा सांगलीजवळ हरिपूरला मिळते आणि पंचगंगा नृसिंहवाडीला. संगमाच्या वरच्या गावांना याचा अर्थ नीट समजून घ्यावा लागतो. कृष्णा दुथडी भरून वाहत असेल तर पंचगंगेचे पाणी तिच्यात सहज शिरत नाही, ते मागे तुंबते आणि फुगवटा चढत जातो. अशा वेळी कोल्हापुरात पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी खालच्या गावांत पाणी उतरण्याचे नाव घेत नाही. ‘पाऊस थांबला, आता पाणी उतरेल’ हे वाक्य म्हणण्यापूर्वी कृष्णेची पातळी पाहावी.

आमच्याकडे नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरात पाणी चढून पादुकांवरून वाहत दक्षिण दाराने बाहेर पडू लागले की दक्षिणद्वार सोहळा होतो आणि भाविक स्नानासाठी गर्दी करतात. हा श्रद्धेचा विषय आहे आणि त्याचा मान राखूनच सांगतो, की माझ्या आईने त्या सोहळ्याच्या बातमीचा उपयोग मोजपट्टीसारखाही केला. मंदिरात पाणी आले की ती खालच्या गोठ्यातली जनावरे वरच्या मळ्यात हलवायला सांगत असे, आणि त्यासाठी तिला कोणत्याही संदेशाची वाट पाहावी लागली नाही.

धरणाचा विसर्ग समजून घेताना

‘राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले’ ही बातमी कोल्हापूर जिल्ह्यात दर पावसाळ्यात येते. या धरणाला असे सात दरवाजे आहेत; जलाशय भरला की पाण्याच्या दाबाने ते आपोआप उघडतात आणि एका दरवाजातून १,४२८ क्युसेक पाणी बाहेर पडते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सुमारे २८.३ लिटर पाणी. याचा अर्थ एका दरवाजातून सेकंदाला चाळीस हजार लिटर पाणी येते. दहा हजार लिटरचे चार टँकर दर सेकंदाला नदीत रिकामे होत आहेत असे चित्र डोळ्यांपुढे आणले, की बातमीतला आकडा उमगतो.

धरणातील साठा टीएमसीमध्ये सांगतात. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. चोवीस तास सलग सुमारे ११,५०० क्युसेक पाणी वाहिले तर एक टीएमसी होते, आणि हा एक आकडा पाठ असला की पुष्कळशी उत्तरे घरबसल्या मिळतात. कोयना धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी आहे. समजा, एखाद्या दिवशी साठा ९८ टीएमसी आहे, जलाशयात ५०,००० क्युसेकची आवक होत आहे आणि विसर्ग १०,००० क्युसेकचा आहे. म्हणजे ४०,००० क्युसेक पाणी धरणात साठत आहे, आणि दिवसाला साधारण साडेतीन टीएमसीने साठा वाढत आहे. आवक अशीच राहिली तर दोन दिवसांत धरण काठोकाठ भरेल, म्हणजेच त्याआधी विसर्ग वाढवण्यावाचून धरण चालवणाऱ्यांना दुसरा मार्ग नसेल. विसर्ग वाढल्याची बातमी येण्यापूर्वीच ती येणार हे आपल्याला कळलेले असते. घर आवरण्यासाठी हेच दोन दिवस मोलाचे असतात.

सोडलेले पाणी आपल्या गावाला पोहोचायला किती वेळ लागतो, याचे एकच उत्तर सर्व गावांना लागू पडत नाही. नदी आधीच भरलेली असेल तर गती वेगळी, रिकामी असेल तर वेगळी. म्हणून वहीत दोन वेळा लिहाव्यात: विसर्ग वाढवल्याची वेळ आणि आपल्या घाटावर किंवा पुलाजवळ पाणी चढू लागल्याची वेळ. दोन-तीन पावसाळ्यांच्या अशा नोंदी जमल्या की आपल्या गावाचा हिशेब आपल्या हाती येतो, आणि तो अन्य कोणी आपल्याला देऊ शकणार नाही.

फुटांची पातळी आणि आपली पायरी

कोल्हापुरात पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. तेथे ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी आहे. सांगलीत कृष्णेची पातळी आयर्विन पुलावर मोजतात. तेथे इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि २०२१ मध्ये ते ५६ फुटांच्याही पुढे गेले. आयर्विन पुलावर २०१९ मध्ये पातळी ५७ फुटांच्या पुढे होती.

हे फूट त्या ठिकाणच्या मोजपट्टीच्या शून्यापासून मोजलेले असतात, आपल्या अंगणातल्या पाण्याची खोली त्यातून थेट कळत नाही. ‘धोका पातळी ४३ फूट आणि आता ४१ फूट, म्हणजे अजून दोन फूट सवड आहे’ हा विचार नदीपासून लांब राहणाऱ्याला परवडेल. कोल्हापुरात सुतारवाड्यात किंवा सांगलीत सूर्यवंशी प्लॉट आणि दत्तनगरमध्ये राहणाऱ्या माणसाच्या दारात धोका पातळी गाठण्याआधीच पाणी आलेले असते. उलट काही गल्ल्यांत धोका पातळी ओलांडून चार-पाच फूट झाले तरी रस्ता कोरडा असतो. म्हणून प्रत्येक कुटुंबाने स्वतःची इशारा पातळी आणि स्वतःची धोका पातळी ठरवून घ्यावी.

ती ठरवण्याची रीत सोपी आहे. मागच्या पुरांत कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी पाणी गल्लीच्या तोंडाशी आले, कधी पहिल्या पायरीला लागले आणि बाहेर जाण्याचा रस्ता कधी बंद झाला, हे घरातल्या व शेजारच्या जाणत्या माणसांना विचारावे. मोबाइलमधले जुने फोटो उघडले तर त्यांवर तारीख आणि वेळ मिळते. त्याच वेळी बंधाऱ्यावर किंवा पुलावर किती फूट पाणी होते, हे त्या दिवसांच्या वर्तमानपत्रांत सापडते. दोन्ही नोंदी शेजारी शेजारी लिहिल्या की ‘राजाराम बंधाऱ्यावर अमुक फूट म्हणजे आमचा रस्ता बंद’ असे वाक्य तयार होते. आमच्या घरी ते वाक्य मीटरच्या पेटीशेजारी रंगाने लिहून ठेवले आहे. घर सोडण्याचा आकडा ठरवताना पायरी भिजण्याचा आकडा धरू नये, रस्ता बंद होण्याचा आकडा धरावा, आणि त्यातूनही दोन फूट वजा करावेत. पुष्कळ घरे शेवटपर्यंत कोरडी राहतात, परंतु त्यांच्याकडे जाणारा रस्ता कधीच पाण्याखाली गेलेला असतो.

आकड्याइतकेच महत्त्व गतीला आहे. दर तासाची पातळी लिहून ठेवावी. तासाला दोन इंच पाणी चढत असेल तर संध्याकाळी आठपासून सकाळी सहापर्यंत वीस इंच चढेल, म्हणजे जवळजवळ पावणेदोन फूट. हे गणित रात्री आठ वाजताच करावे आणि उत्तर आपल्या आकड्याच्या पुढे जात असेल तर उजेडाची वाट न पाहता, जेवणे उरकून निघावे. अंधारात, कंबरभर पाण्यातून, म्हाताऱ्या माणसाला आणि तान्ह्या मुलाला घेऊन निघण्याची वेळ कोणावरही येऊ नये. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली, त्या बोटीत तिच्या क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती. वेळेवर कोरड्या रस्त्याने निघता आले तर बोटीची गरजच पडत नाही, आणि पडलीच तर गर्दी पाहून दुसऱ्या फेरीसाठी थांबण्याइतका वेळ हाताशी असतो.

घर बांधायचे किंवा घ्यायचे असेल तर निळी आणि लाल पूररेषा पाहावी. निळी रेषा साधारणपणे पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराच्या आधारे आणि लाल रेषा शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराच्या आधारे आखलेली असते. ‘शंभर वर्षांत एकदा’ याचा अर्थ दरवर्षी शंभरात एक शक्यता असा आहे. एक मोठा पूर येऊन गेला की पुढची शंभर वर्षे निश्चिंती, असा त्याचा अर्थ नाही, हे २०१९ नंतर दोनच वर्षांत २०२१ ने आम्हाला दाखवले.

जनावरे, वीज आणि कागद

घर न सोडण्याचे कारण बहुतेक वेळा जनावरे हे असते, हे अधिकाऱ्यांनी आणि नातेवाइकांनी समजून घ्यावे. दुभती म्हैस मागे सोडून कोणी छावणीत जात नाही. म्हणून नारिंगी इशारा आला आणि धरणाचा साठा वर सांगितल्याप्रमाणे भरत आला असेल, तर माणसांच्या आधी जनावरे हलवावीत. उंचावरच्या गावातील पाहुण्यांशी किंवा ओळखीच्या मळेकऱ्याशी मे महिन्यातच बोलून ठेवावे आणि वैरणीची सोयही तेथेच करावी. वेळच उरली नाही तर दावी सोडून द्यावीत. बांधलेले जनावर बुडते, मोकळे जनावर बहुधा उंचवटा शोधते.

निघताना विजेचा मुख्य खटका बंद करावा आणि गॅसच्या टाकीचा रेग्युलेटर काढावा. सातबारा, आधार, बँकेचे पुस्तक, औषधांची चिठ्ठी आणि निदान आठवड्याची औषधे जाड प्लास्टिकच्या पिशवीत आधीच बांधलेली असावीत. घरातील प्रत्येक खोलीचे आणि गोठ्याचे फोटो पावसाळ्यापूर्वी काढून ठेवल्यास पुढे पंचनाम्याच्या वेळी त्यांचा मोठा आधार होतो.

वीज, वादळ आणि दरड

विजेचा इशारा पुराच्या इशाऱ्याहून अगदी वेगळा असतो, कारण त्याची मुदत मिनिटांत मोजायची असते. हवामान विभाग पुढील तीन तासांसाठी जो तातडीचा इशारा देतो, तो तीन तासांनंतर शिळा होतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ ॲप आपल्या आसपास वीज पडत असल्यास सूचना देते. विदर्भ-मराठवाड्यात मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रानात असणाऱ्यांनी ते जरूर ठेवावे. मोबाइल जवळ नसेल तर वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत. तीन सेकंद म्हणजे एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि पक्क्या घरात जाण्याची वेळ झालेली आहे. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास तेथेच थांबावे. एकट्या झाडाखाली उभे राहण्याची सवय आपल्याकडे फार जुनी आहे, आणि ती सोडवण्यासाठी घरातल्या मुलांना हे वारंवार सांगावे लागते.

कोकणच्या किनाऱ्यावर चक्रीवादळाचे इशारे टप्प्याटप्प्याने येतात: आधी पूर्वसूचना, मग प्रतिकूल हवामान सुरू होण्याच्या साधारण ४८ तास आधीचा सतर्कतेचा इशारा, मग २४ तास आधीचा धोक्याचा इशारा आणि शेवटी वादळ किनारा ओलांडून कोठे जाईल याचा अंदाज. ताशी ६२ किलोमीटर वेगाचे वारे वाहू लागले की त्या प्रणालीला चक्रीवादळ म्हणून नाव मिळते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ गुजरातेत किनाऱ्याला धडकले, तरी जाता जाता त्याने कोकणातील आंबा-काजूच्या बागा आणि घरांची छपरे झोडपली. म्हणून ‘वादळ दुसरीकडे धडकणार आहे’ एवढे ऐकून निवांत होऊ नये. वाऱ्याचा वेग आपल्या जिल्ह्यासाठी किती सांगितला आहे ते पाहावे. वादळाचा डोळा डोक्यावर आला की वारा एकाएकी पडतो आणि लोक छपर पाहायला बाहेर येतात. थोड्या वेळाने तोच वारा उलट दिशेने येतो. मासेमारीला जाणाऱ्यांनी बंदरावरचा बावटा पाहावा. तीन नंबरचा बावटा लागला असेल तर होडी बाहेर काढू नये.

दरडींबाबत इशाऱ्यांवर पूर्ण विसंबून चालणार नाही. ३० जुलै २०१४ रोजी माळीण, २२ जुलै २०२१ रोजी तळीये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी या वस्त्यांवर दरड कोसळली, आणि प्रत्येक वेळी त्याआधी जोरदार पाऊस झालेला होता. डोंगरउतारावर राहणाऱ्यांनी घाटासाठी लाल इशारा असताना आणि सलग दोन-तीन दिवस पाऊस झालेला असताना जमिनीत नवी भेग पडणे, दारे-खिडक्या एकाएकी अडकू लागणे, झाडे किंवा विजेचे खांब कलणे, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ होणे किंवा आटणे यांपैकी एकही खूण दिसली तर आदेशाची वाट न पाहता वस्ती सोडावी.

इशारा खरा आहे का, हे तपासण्यासाठी

दर पुरात कोणत्या ना कोणत्या गटात ‘धरणाला तडा गेला’ असा संदेश येतो, किंवा जुन्या पुराची चित्रफीत आजची म्हणून फिरते. संदेश खरा मानण्याआधी त्यात तीन गोष्टी आहेत का ते पाहावे: कोणत्या कार्यालयाने दिला, कोणत्या तारखेला व किती वाजता दिला, आणि तो कधीपर्यंत लागू आहे. यांपैकी एक जरी नसेल तर तो पुढे पाठवू नये. खरा इशारासुद्धा मुदत संपल्यावर फिरत राहिला तर लोकांचा पुढच्या इशाऱ्यावरचा विश्वास उडतो, म्हणून पुढे पाठवताना वेळ कापू नये. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार खोटा इशारा पसरवून घबराट निर्माण करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो.

पावसाचा इशारा हवामान विभागाच्या संकेतस्थळावर किंवा ‘मौसम’ ॲपवर पाहावा आणि सर्व प्रकारच्या आपत्तींचे इशारे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या ‘सचेत’ ॲपवर पाहावेत. नदीची पातळी जिल्हा माहिती कार्यालय आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाकडून मिळते. कक्षाचा क्रमांक १०७७ आहे, आणि कोणत्याही तातडीसाठी ११२. हे दोन्ही क्रमांक मोबाइलमध्ये ठेवावेत आणि भिंतीवरही लिहावेत, कारण पुरात सर्वांत आधी मोबाइलची बॅटरी जाते. एक साधा सेलवरचा रेडिओ घरात असावा. वीज आणि नेटवर्क दोन्ही गेल्यावर २०१९ मध्ये आमच्या गल्लीत एकच रेडिओ चालू होता. तो एका निवृत्त शिक्षकांचा होता. माळ्यावरच्या खिडकीतून ते दर बातमीपत्रानंतर पातळीचा आकडा मोठ्याने ओरडून सांगत, आणि समोरच्या घरातून तो पुढच्या घराला सांगितला जाई.

ज्यांना ऐकू येत नाही, वाचता येत नाही किंवा जे एकटे राहतात, त्यांच्यापर्यंत इशारा कोण पोहोचवणार हे गल्लीने आधी नावानिशी ठरवावे. कामासाठी परगावाहून आलेल्या कुटुंबांना आपली नदी ठाऊक नसते आणि बऱ्याचदा मराठीही येत नसते. त्यांच्या पालावर माणूस पाठवावा.

पाणी उतरताना

पातळी धोक्याच्या खाली आली म्हणून लगेच घरी परतू नये. आपला रस्ता बंद होण्याचा जो आकडा ठरवला होता, त्याच्याही खाली पाणी गेल्यावर आणि घाटमाथ्यावर नवा लाल इशारा नसल्याची खात्री झाल्यावरच निघावे. दिवसाउजेडी, हातात काठी घेऊन आत जावे, कारण चुलीमागे, अंथरुणांत आणि लाकडांच्या ढिगात साप आसरा घेतात. वायरिंग तपासल्याशिवाय खटका लावू नये. विहिरीचे आणि बोअरचे पाणी शुद्ध केल्याशिवाय पिऊ नये, आणि पंचनामा होईपर्यंत खराब झालेले सामान फेकून देऊ नये. फेकावेच लागले तर आधी त्याचा फोटो घ्यावा.

चिखल काढण्यापूर्वी आणखी एक काम करावे. भिंतीवर पाण्याची रेघ ओली असतानाच तिच्यावर रंगाने खूण करून तारीख घालावी, आणि तिच्याखाली त्या दिवशी बंधाऱ्यावर किंवा पुलावर किती फूट पाणी होते ते लिहावे. आमच्या खांबावर आजोबांच्या खुणेखाली केवळ वर्ष होते, फूट नव्हते. त्याच्या वरच्या दोन खुणांखाली आता दोन्ही लिहिलेले आहेत.